कॉर्न फेरी टूरवरून पीजीए टूरवर गेलेले गोल्फर वर्षभरात परत खाली का येतात?

तुमचा प्रश्न असा: कॉर्न फेरी टूरच्या (पीजीए टूर या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या एक पायरी खालच्या मालिकेच्या) गुणतालिकेत वर्षअखेर पहिल्या २० मध्ये आलं की पीजीए टूरचं कार्ड (तिथे खेळायचा परवाना) मिळतं, मग त्यातले बरेच जण वर्षभरात परत का येतात? वरचा खेळ इतका वेगळा असतो का?

अनेक वर्षं दोन्ही टूर बघत आलोय, त्यावरून सांगतो. खेळात फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही. कॉर्न फेरीवर चार दिवसांत पारपेक्षा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा; जितके कमी तितकं चांगलं) वीस फटके कमी खेळूनही विजेतेपद हुकू शकतं. पीजीए टूरवर ग्रीन (छिद्राभोवतालची आखूड हिरवळ) जास्त टणक, रफ (कडेचं उंच गवत) जास्त दाट, छिद्रांचे झेंडे अवघड कोपऱ्यांत. या सगळ्याची सवय होते. सवय व्हायला जेवढ्या स्पर्धा खेळायला मिळायला हव्यात तेवढ्या मिळत नाहीत, हे खरं दुखणं आहे.

कार्ड मिळालं म्हणजे दर आठवड्याला जागा पक्की असं नाही. प्रत्येक स्पर्धेला प्राधान्यक्रम असतो. अलीकडचे विजेते आणि गेल्या वर्षी फेडेक्स कपच्या (हंगामभराच्या गुणांच्या) यादीत वर राहिलेले आधी, कॉर्न फेरीवाले त्यांच्या मागे. ज्या सिग्नेचर (मोजक्या, मोठ्या बक्षिसाच्या) स्पर्धांत बक्षिसाची रक्कम २ कोटी डॉलरच्या घरात असते तिथे आदल्या वर्षीच्या याच यादीतल्या पहिल्या ५० जणांना हक्काची जागा. नव्याला त्याच हंगामात गुण कमावून आत शिरावं लागतं. त्यात भर म्हणजे काही स्पर्धा झाल्या की नव्यांची आपापसातली क्रमवारी गुणांनुसार पुन्हा लावतात. सुरुवातीला दोन-तीन कट (स्पर्धेच्या मध्यावर होणारी गाळणी) हुकले की तुम्ही यादीत खाली सरकता, खाली सरकलात की स्पर्धा कमी, आणि स्पर्धा कमी म्हणजे गुण कमवायची संधीच कमी. कॉर्न फेरीवर पहिला आलेला तेवढा या फेऱ्यातून सुटतो.

मॅक्स होमाचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. २०१६-१७ च्या हंगामात तो पीजीए टूरवर १७ स्पर्धा खेळला आणि फक्त २ कट पार केले. वर्षाची कमाई जेमतेम १८ हजार डॉलर. कॅडी (गोल्फच्या काठ्या वाहणारा मदतनीस), प्रवास, हॉटेल सगळं स्वतःच्या खिशातून. तो पुन्हा खालच्या टूरवर गेला, २०१८ मध्ये कार्ड परत मिळवलं आणि २०१९ मध्ये वेल्स फार्गो चॅम्पियनशिप जिंकला. २०२३ पर्यंत त्याच्या नावावर सहा विजेतेपदं होती. दोन वर्षांत माणूस मुळापासून बदलत नाही. तो आधीही चांगलाच गोल्फर होता.

स्कॉटी शेफलर २०१९ मध्ये कॉर्न फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२२ मध्ये मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकला, पण त्याच्यावरून नियम काढू नका. मॅट मॅकार्टीचं बघा: २०२४ मध्ये खाली एकाच हंगामात तीन स्पर्धा जिंकल्यामुळे त्याला वर्षअखेरपर्यंत न थांबता थेट बढती मिळाली, आणि ऑक्टोबरमध्ये त्याने वरची स्पर्धाही जिंकली. एका विजयाने पुढची दोन वर्षं निश्चिंत, क्रमवारीची चिंताच संपली.

आपल्या अर्जुन अटवालला तर २०१० मध्ये दुखापतीनंतर कार्ड गमवावं लागलं होतं. ऑगस्टमध्ये तो स्पर्धेआधी सोमवारी होणाऱ्या पात्रता फेरीतून विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि ती जिंकून पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय ठरला. अशा दारांमुळेच मला हा खेळ आवडतो.

म्हणून २०२४ च्या अखेरीस टूरने घेतलेला निर्णय मला पटत नाही. कॉर्न फेरीची कार्डं ३० वरून २० केली आणि २०२६ पासून बऱ्याच स्पर्धांतली खेळाडूसंख्याही घटवली. तिसाव्या नंबरवाल्याला पुरेशा स्पर्धा मिळत नव्हत्या, हे खरं. पण त्यावर उपाय म्हणून त्याला स्पर्धा द्यायला हव्या होत्या, त्याचं कार्ड काढून घ्यायला नको होतं.