पिकअपची स्टेपनी: हौद्यात उभी करायची की मागे बंपरवर?

तुमच्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला २४५/७० आर १६ काढून २६५/७० आर १६ टायर घातलेत, त्यामुळे स्टेपनी चॅसीखाली अडचणीने बसते. म्हणून मागच्या बंपरवर बाजूला उघडणारं कॅरिअर करायचं आहे, त्याला पाइप किती जाडीचा घ्यावा आणि वेल्ड कुठे मारावं, असं तुम्ही विचारलंय. व्यासात साधारण २८ मिलिमीटरचा फरक पडतो, रुंदीत २०. तेवढ्यानेही खाली अडचण होते हे खरं.

पाइपचं उत्तर सोपं आहे: ५० बाय ५० चा, ३ मिलिमीटर जाडीचा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप पुरतो. कॅरिअर सहसा पाइपात मोडतच नाही. मोडतं ते सांध्यात.

पिकअप म्हणजे केबिन, हौदा आणि चॅसी अशी तीन वेगळी अंगं. खराब रस्त्यावर चॅसी पिळते तेव्हा केबिन आणि हौदा आपापले हलतात. दोघांमधल्या फटीकडे कच्च्या रस्त्यावर कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा, लगेच दिसेल. म्हणून कॅरिअरचे सगळे आधार एकाच अंगावर हवेत. एक पाय हौद्याला आणि वरची पट्टी केबिनला असं केलं की कुठलं तरी वेल्ड तडकणारच, किंवा पत्रा फाटेल. बिजागरी बंपरवर आणि लॅच हौद्याच्या कोपऱ्यावर, हाही तोच प्रकार. आणि फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेला, स्टेपनी अजिबात टांगू नका. फाळक्याच्या बिजागऱ्या एवढी आदळआपट सोसायला बनवलेल्या नसतात.

माझं स्पष्ट मत विचाराल तर हौद्यात जागा असेल तर स्टेपनी हौद्यातच, केबिनच्या मागे उभी करा. गाडीची लांबी वाढत नाही, नंबरप्लेट झाकत नाही, मागचा कॅमेरा मोकळा राहतो आणि फिरणारा सांधाच उरत नाही. हौद्याचा तळ पातळ पत्र्याचा असतो, म्हणून हौदा चॅसीला ज्या बोल्टांनी बांधलाय त्यांचाच आधार घ्या; त्याच ग्रेडचे, कॅरिअरच्या पायाच्या जाडीइतके जास्त लांब बोल्ट मिळतात. नवं भोक पाडावंच लागलं तर खालून १०० बाय १०० ची ६ मिलिमीटर प्लेट द्या, नुसत्या वॉशरवर भागवू नका.

हौदा सामानासाठी मोकळाच हवा असेल तर मागे करा, पण मग बिजागरीवर पैसे घाला. हिशोब बघा. चाक ३५ किलोचं धरा (तुमचं तोलून घ्या) आणि बिजागरीपासून ७० सेंटिमीटरवर. नुसतं उभ्या गाडीत साडेचोवीस किलोग्रॅम-मीटरचा पीळ झाला. खड्ड्यात तिप्पट धरला तर सुमारे ७४. बिजागरीच्या उभ्या दांड्याचे, म्हणजे स्पिंडलचे, दोन बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या नळ्या) १५ सेंटिमीटर अंतरावर असतील तर प्रत्येकावर जवळजवळ ४९० किलोचा आडवा दाब येतो. अंतर ३० केलं की तो निम्मा होतो. म्हणून गेटची बाजारू बिजागरी इथे नको. लेथवाल्याकडून ईएन ८ पोलादाचा ४० मिलिमीटरचा स्पिंडल, दोन गनमेटल बुश आणि ग्रीस निपल करून घ्या, किंवा टेपर रोलर बेअरिंगचा ट्रॉलीचा हब वापरा. चाक धरणाऱ्या आडव्या हाताच्या दुसऱ्या टोकाखाली बंपरवर उतरती टेकू-प्लेट आणि रबर हवंच, म्हणजे बंद केल्यावर हात त्यावर चढून बसतो आणि बिजागरीवरचा पीळ बराच उतरतो. लॅचने फक्त दाबून धरायचं. वजन टेकूने पेलायचं.

बिजागरी डाव्या बाजूला घ्या. बरेच परदेशी व्हिडिओ उजवीकडून वाहणाऱ्या रहदारीचे असतात. आपण डावीकडे गाडी लावतो, तर उघडलेला हात रस्त्यात न येता कडेला जायला हवा. उघड्या स्थितीत अडकवायला पिन ठेवा. घाटात उतारावर हात आपोआप मिटला तर बोटं सापडतात.

चॅसीला वेल्ड नाही म्हणजे नाही. मूळ बंपरचे ब्रॅकेट जिथे आहेत तीच भोकं वापरा, ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट. कॅरिअर गाडीवरून उतरवूनच वेल्ड करा. फक्त मापासाठी टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) जागेवर मारायचे असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि अर्थची क्लॅम्प टॅकच्या अगदी जवळ लावा. सांध्यांना ७०१८ वेल्डिंग रॉड वापरा, कोरडा, आणि कोपऱ्यांत ६ मिलिमीटरचे गसेट (मजबुतीच्या तिकोनी पट्ट्या).

चाकाच्या प्लेटला तुमचा पीसीडी (स्टडांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ६ बाय १३९.७ आहे, पण तीन स्टड पुरतात. नट चाकाच्याच टेपरचे आणि मापाचे घ्या, म्हणजे गाडीतला पाना चालतो. टायर मागच्या रबराला किंचित दाबून बसला पाहिजे. मोकळा राहिला तर थरथरून नट सैल होतात.

कायद्याचंही बघा. मागचे दिवे आणि नंबरप्लेट पूर्ण दिसलीच पाहिजे. एचएसआरपीचं (हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचं) स्नॅप लॉक काढलं की तुटतं, तेव्हा प्लेट हलवायची वेळच येणार नाही असं डिझाइन करा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे बदलांबाबत आरटीओ कडक आहेत, आणि मागे लांबी वाढवणारं काम त्यांच्या नजरेत लगेच येतं. काम सुरू करण्याआधीच आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

रंगाआधी पाइपच्या खालच्या टोकांना पाणी निचरायची भोकं पाडा, नाहीतर कोकणातल्या एका पावसाळ्यात आतून गंजायला लागतं. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. बंपर काढल्यावर ब्रॅकेटचे फोटो आणि मापं टाका, गसेट कुठे घ्यायचे ते नेमकं सांगतो.