वाचकांचे प्रश्न : खरेदीची ॲप्स दृष्टिहीनांसाठी अवघड का होत चालली आहेत?

प्रश्न : मी जन्मतः दृष्टिहीन असून नेरूळला राहते आणि बेलापूरच्या एका कार्यालयात नोकरी करते. मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) वापरून किराणा, औषधे, कपडे मी आजवर स्वतःच मागवत आले. ज्या ॲपवर मला कधी कोणाची मदत लागली नाही, त्यावर आता दर अपडेटनंतर काही ना काही बंद पडते. वस्तूंची संख्या वाढवण्याच्या आणि कमी करण्याच्या बटनांची नावे गेली असून फोन दोन्हींना ‘अनलेबल्ड बटन’ म्हणतो. पत्ता निवडण्याची चौकट उघडते, पण फोन मागच्या पानावरच्या जाहिराती वाचत राहतो. ग्राहक सेवेला कळवले की ‘ॲप काढून पुन्हा टाका’ एवढेच उत्तर येते. हा माझ्या फोनचा दोष आहे का? आणि मला याविरुद्ध काही करता येईल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुम्ही वर्णन केलेल्या दोन्ही अडचणी ॲपच्या बांधणीतल्या आहेत, त्यांचा तुमच्या फोनशी किंवा तुमच्या सवयीशी संबंध नाही. मीही रोज स्क्रीन रीडरवरच काम करतो आणि या दोन तक्रारी मला सतत ऐकू येतात, म्हणून त्यांचे कारण थोडे सविस्तर सांगतो.

स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहून बोलत नाही. ॲप बनवणाऱ्याने प्रत्येक घटकाला दिलेले नाव, तो घटक बटन आहे की चौकट, आणि तो निवडलेला आहे की नाही, एवढी माहिती ॲपकडून फोनच्या प्रणालीला मिळते आणि तीच आपल्याला ऐकू येते. संख्या वाढवण्याचे बटन डोळस माणसाला अधिक चिन्हावरून कळते. आपल्याला ते कळण्यासाठी कोणीतरी त्यामागे ‘तूरडाळ, एक पाकीट वाढवा’ असे लिहून ठेवावे लागते. पडद्याची रचना नव्याने केली की जुने बटन जाते आणि त्याच्याबरोबर त्याचे नावही जाते. नव्या बटनाचे चिन्ह डोळस तपासनिसाला नीट दिसते, म्हणून ही त्रुटी तशीच ग्राहकापर्यंत पोहोचते. चौकटीचेही तसेच आहे : ती उघडताच स्क्रीन रीडरचा फोकस, म्हणजे तो सध्या जिथे वाचतो आहे ती जागा, तिच्यात नेणे आणि मागचे पान त्याच्यासाठी बंद करणे हे ॲपने करायचे काम असते. ते राहून गेले की आपण मागच्या पानावरच बोट फिरवत बसतो.

कधी कधी अपडेट न घेताही असा बिघाड होतो, त्याचेही कारण आहे. आजच्या अनेक खरेदी ॲप्समध्ये पडद्याची मांडणी फोनमध्ये साठवलेली नसते. ती कंपनीच्या सर्व्हरवरून येते. शिवाय नवी मांडणी आधी काही ग्राहकांनाच दाखवून पाहण्याची पद्धत आहे. त्यामुळे तुमच्या शेजारणीच्या फोनवर बटन बोलते आणि तुमच्या फोनवर बोलत नाही, असे एकाच दिवशी घडू शकते. ग्राहक सेवेतल्या माणसाला ‘आमच्याकडे तर चालते आहे’ असे वाटण्यामागचे एक कारण हेही आहे.

जांभळी नाक्यावरच्या एखाद्या दुकानदाराने वजनकाट्यावर कापड टाकून माल मोजला, तर कोणताही ग्राहक तो घेणार नाही. संख्येचे बटन मुके ठेवून पैसे घेणे मला त्याहून वेगळे वाटत नाही, आणि म्हणूनच ही गैरसोय मुकाट्याने सोसू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४६ प्रमाणे सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खासगी, तिने सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही सेवा सहज वापरता यावी यासाठीच्या, नियमांनुसारच सेवा द्यायची आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक असून २०२३ साली त्याचा या कायद्याखालील नियमांत समावेश झाला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेतील, अडचणींबाबत ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन नागरिकांनी केलेल्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. ‘तुमचे ॲप चालत नाही’ एवढ्याच तक्रारीला ‘पुन्हा टाका’ हेच उत्तर मिळत राहील. त्याऐवजी फोनचे मॉडेल, अँड्रॉइड, टॉकबॅक आणि ॲप या तिन्हींच्या आवृत्ती, कोणत्या पानावर कोणते बटन आणि त्यावर बोट गेले की फोन नेमके काय बोलतो, हे लिहा. मायक्रोफोन चालू ठेवून पडद्याची छोटी चित्रफीत करता आली तर उत्तम, कारण टॉकबॅकचा आवाज ऐकला की ग्राहक सेवेतल्या माणसालाही अडचण समजते. मात्र चित्रफितीत पत्ता, कार्डाचा क्रमांक किंवा पिन येऊ देऊ नका. ही तक्रार ॲपमधल्या गप्पांच्या खिडकीत न टाकता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेलने पाठवा. ई-कॉमर्ससाठीच्या ग्राहक संरक्षण नियम, २०२० नुसार त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करणे बंधनकारक आहे, आणि त्याचे नाव व संपर्क ॲपवर किंवा संकेतस्थळावर दिलेला असावा लागतो.

तेवढ्याने भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. चुकीची संख्या मागवली जाऊन पैसे गेले असतील, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सुगम्यतेच्या मूळ मुद्द्यासाठी मात्र दिल्लीतील दिव्यांगजन मुख्य आयुक्त किंवा पुण्यातील राज्याचे दिव्यांग आयुक्त यांच्याकडे अर्ज करावा. खासगी ॲपविरुद्धची अशी तक्रार मुख्य आयुक्तांनी याआधी ऐकून घेऊन कंपनीला सुधारणा करण्यास सांगितले आहे.

तोवर खरेदी अडू नये यासाठी दोन गोष्टी करून पाहा. ॲपऐवजी त्याच दुकानाचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा. तिथे शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येते, त्यामुळे जाहिराती ओलांडणे सोपे जाते. संगणकावर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर असेल तर एच दाबून शीर्षके आणि बी दाबून बटने गाठता येतात. दुसरे म्हणजे, टॉकबॅकच्या मेनूतून काही बटनांना आपले स्वतःचे नाव देता येते. मुकी बटने दोनच असतील, तर कोणाकडून तरी एकदा खात्री करून घेऊन ती नावे टाकून ठेवा, पण पुढच्या बदलानंतर ती टिकतीलच असे धरून चालू नका आणि पैसे देण्यापूर्वी कार्टमधली संख्या व एकूण रक्कम प्रत्येक वेळी ऐका.

प्रश्न : काचबिंदूने माझ्या सासऱ्यांची दृष्टी गेली. ते जिद्दीने टॉकबॅक शिकले, पण हल्ली ॲप साथ देत नसल्याने आमच्यापैकी कोणीतरी त्यांच्या फोनवरून मागवतो आणि त्यांचा यूपीआय पिन घरात सगळ्यांना ठाऊक झाला आहे. ‘आपण आहोत ना’ असे माझे यजमान म्हणतात. यात काही चूक आहे का?
– एक गृहिणी, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मदत करण्यात चूक नाही, पिन सांगण्यात आहे. पिन बदलून घ्या आणि तो फक्त बाबांनाच ठाऊक असू द्या. ॲपवर पैसे भरणे जमत नसेल, तर वस्तू घरी आल्यावर पैसे द्यायचा पर्याय घ्या. पण माझी कळकळीची विनंती अशी की, जे टप्पे त्यांना अजूनही करता येतात ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका. शोधणे, किमती ताडून पाहणे, काय हवे आणि काय नको ते ठरवणे हे सारे त्यांनीच करावे. ज्या एका बटनापाशी ते अडतात तेवढ्यापुरते तुम्ही शेजारी बसा आणि ते बटन कोणते हे टिपून ठेवा. वर सांगितलेल्या तक्रारीत ती नोंद उपयोगी पडेल, आणि ती तक्रार बाबांच्या नावाने जावी.

प्रश्न : मी महापे येथील एका कंपनीत ॲप विकसित करतो. आमच्याकडे सुगम्यतेची तपासणी एकदा झाली होती, त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. दर पंधरवड्याला नवी आवृत्ती निघते. नेमके काय तपासावे?
– एक अभियंता, ऐरोली

उत्तर : तुमच्या प्रश्नातच दुखणे आले आहे. एकदा केलेली तपासणी त्या दिवसाच्या आवृत्तीपुरतीच खरी असते, म्हणून ती प्रत्येक आवृत्तीच्या कामात बसवावी लागते. अँड्रॉइडमध्ये कंटेंट डिस्क्रिप्शन, रिॲक्ट नेटिव्हमध्ये ॲक्सेसिबिलिटी लेबल, फ्लटरमध्ये सिमँटिक्स, अशी बटनांना नावे देण्याची सोय ॲप बनवण्याच्या या साऱ्या साधनांत आहे. चिन्हाच्या बटनाचा जो सामायिक घटक तुम्ही सर्वत्र वापरता, त्यात नाव देणे सक्तीचे करा. नाव नसेल तर बांधणीच थांबली पाहिजे. गूगलचे ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर नाव नसलेली बटने दाखवते, पण चुकीचे नाव किंवा भरकटलेला फोकस त्याला कळत नाही. त्यासाठी माणूसच हवा, आणि शक्य असेल तर रोज स्क्रीन रीडर वापरणारा, मोबदला घेऊन काम करणारा परीक्षक हवा.

प्रत्येक आवृत्तीपूर्वी पडदा न पाहता टॉकबॅकवर एक पूर्ण खरेदी करा : शोध, वस्तूचे पान, संख्या बदलणे, पत्ता, पैसे. संख्या बदलल्यावर नवी संख्या आपोआप ऐकू येते का ते पाहा. कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, घटक पदार्थ ही माहिती फोटोत न राहता मजकुरात आहे का ते पाहा. ‘सरकवून पैसे भरा’ अशी पट्टी असेल तर तिला साध्या बटनाचा पर्याय द्या. अडथळा सापडला तर आवृत्ती रोखण्याचा अधिकार तपासणाऱ्याला असावा, जसा तो पैसे भरण्याचे पान कोसळल्यावर असतो. ऑर्डर रद्द करणे, वस्तू परत करणे आणि परतावा मागणे ही पानेही यात धरा. माझ्या अनुभवात सर्वाधिक मुकी बटने तिथेच सापडतात.