हात भेगेत टिकतच नाही, ताकद कमी पडतेय का?

प्रश्न: ताई, आम्ही नवरा-बायको मूळचे पुण्याचे, आता डेन्व्हरला असतो. बदामीला बोल्ट मारलेल्या रूटवर मी ७ए (फ्रेंच ग्रेड) पर्यंत चढायचो, इथेही जिम चालू आहे. एप्रिलमध्ये युटातल्या इंडियन क्रीकला गेलो आणि पहिल्यांदाच क्रॅक क्लाइंबिंग, म्हणजे भेगेत हात-पाय अडकवून चढणं, केलं. रूट ५.१० चा (अमेरिकन ग्रेड, ७ए पेक्षा सोपी), म्हणजे कागदावर माझा वॉर्मअप, वरून दोर लावलेला, आणि तरी मी सारखा दोरावर लटकत होतो. बोटांच्या पेरांची आणि हाताच्या मागची साल निघाली, फोरआर्म पार भरून आले, पायाची बोटं बुटात ठेवता येईनात. बायको माझ्या बऱ्याच नंतर शिकलीय, तिने तोच रूट न थांबता केला. परत येताना गाडीत मी गप्प आणि तिलाही काय बोलावं ते सुचेना. ऑक्टोबरमध्ये परत जायचंय. ताकद वाढवू की हा नाद सोडून देऊ?

उत्तर: सोडू नका हो. आणि ताकदीचं तर नावच काढू नका, ७ए चढणाऱ्या माणसाकडे ५.१० पुरती ताकद असतेच, तुमचा प्रॉब्लेम दुसराच आहे आणि तो तुमच्या जखमांवरूनच कळतोय. पेरांची साल जाते ती हात आत बसायच्या आधीच त्यावर वजन टाकलं आणि तो घसरत खाली आला की. नीट बसलेला हात हलत नाही, आणि जो हलत नाही तो फारसा सोलतही नाही. फोरआर्म भरले म्हणजे तुम्ही बदामीच्या सवयीने ओढत होतात, पकडायला काही नाही तिथे मूठ आवळत होतात.

हँड जॅमचं, म्हणजे भेगेत हात अडकवण्याचं, एवढंच आहे बघा, बोटं जुळवून सरळ ठेवायची, अंगठा वर करून हात मनगटापर्यंत आत घालायचा आणि मग अंगठा तळव्यात करंगळीच्या दिशेने दाबायचा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल भाग असतो तो फुगतो, एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला हाताची मागची बाजू, असा हात दोन भिंतींमध्ये घट्ट बसतो. तुमच्या मिसेसना लगेच कळेल कारण बांगड्या भरताना बायका अंगठा असाच तळव्यात घेतात, तिथे हाताची रुंदी कमी व्हावी म्हणून, पण त्याच वेळी हाताची जाडी वाढते आणि भेगेला जाडीशीच मतलब असतो. एकदा बसला की दंड सरळ सोडून त्यावर लटकायचं, बोटं सैल. भेग सरळ उभी असेल तर दोन्ही अंगठे वर ठेवा, तिरकी असेल तर वरच्या हाताचा अंगठा खाली आणि खालच्याचा वर.

खरं चढणं मात्र पायांचं असतं आणि नवीन माणूस नेमकं तेच विसरतो. गुडघा बाहेर काढायचा, पाऊल आडवं करून म्हणजे अंगठा वर येईल असं आत सरकवायचं आणि मग गुडघा सरळ भेगेच्या रेषेत आणायचा, पाऊल पिळून लॉक होतं. त्यावर उभं राहता आलं पाहिजे, अगदी आरामात. जिमचे टोकाला वाकलेले घट्ट बूट घालून हे केलं तर बोटांचं तुम्ही लिहिलंय तसंच होणार, सपाट, कडक तळव्याचे, बोटं सरळ राहतील असे बूट घ्या.

आता बायकोचं. इंडियन क्रीकची गंमत अशी की तिथल्या विंगेट सँडस्टोनमध्ये भेगा लांबच्या लांब एकाच मापाच्या जातात, म्हणूनच लोक एकाच साइजचे पाच-सहा फ्रेंड (भेगेत अडकवून त्यात दोर लावायची स्प्रिंगची उपकरणं) हार्नेसला अडकवून चढतात. जिथे लाल १ नंबरचा कॅमलॉट (फ्रेंडसारखंच उपकरण, रंग आणि नंबर मापाचे) बसतो तिथे लहान हात मनगटापर्यंत जातो आणि मोठा हात पेरांशीच अडतो. म्हणजे त्या दिवशी ग्रेड एकच लिहिलेली असली तरी तुम्ही दोघं दोन वेगळे रूट चढत होतात. तुमच्या हाताचं माप मला माहीत नाही पण तुमच्या वर्णनावरून मला हीच शंका येतेय. ऑक्टोबरमध्ये पिवळ्या २ नंबरची, म्हणजे थोडी रुंद भेग शोधा, तिथे तुमचा हात मस्त बसेल आणि तिला हात वाकवून, फुगवून बसवावा लागेल. हे मी तिचं श्रेय कमी करायला अजिबात सांगत नाहीये, न ओढता पायावर उभं राहणं तिला जमलं म्हणून ती वर गेली, तेव्हा तिला विचारा पाय कुठे नि कसा लावला, गप्प बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फक्त खालून एकमेकांना हाताचा सल्ला देऊ नका, तो दुसऱ्याच्या मापाला लागू पडत नाही.

ग्रेडवरही रागवू नका. तिथलाच सुपरक्रॅक ऑफ द डेझर्ट हा ५.१० चा रूट 1976 मध्ये अर्ल विगिन्स, एड वेबस्टर आणि ब्रायन बेकर यांनी चढला, तेव्हा फ्रेंड बाजारात आलेच नव्हते, ते 1978 ला आले, या लोकांनी समांतर भेगेत हेक्स (धातूचे षटकोनी तुकडे) अडकवत लीड केलं, म्हणजे वरून दोर नसताना चढले. मला तो आकडा आजही छोटा वाटत नाही.

टेप ग्लोव्ह जरूर करा, कापडी टेप हाताच्या मागे आणि पेरांवर, तळवा मोकळा. पाऊस पडला असेल तर मात्र दगड पूर्ण वाळेपर्यंत एक-दोन दिवस, कधी जास्तही, चढूच नका, ओला सँडस्टोन ठिसूळ होतो, होल्ड तुटतात आणि फ्रेंडही निसटू शकतो, आणि तुटलेला रूट पुन्हा जोडता येत नाही.

तोवर गॅरेज असेल तर दोन जाड फळ्या समांतर बोल्टने पक्क्या करा. टॉम रँडल आणि पीट व्हिटेकर यांनी 2011 मध्ये सेंच्युरी क्रॅक ही युटातलीच फार अवघड भेग चढली ती इंग्लंडमध्ये शेफील्डच्या एका तळघरात लाकडी भेगांवर सराव करूनच. फट पाच सेंटिमीटरच्या आसपास ठेवा आणि बोल्ट असे लावा की ती थोडी कमी-जास्त करता येईल, म्हणजे तुमचं माप झालं की बायकोच्या हाताचं लावता येईल.