१६ लाखांचं कर्ज काढून नावाजलेल्या अभिमत विद्यापीठात जावं, की कराडच्या सरकारी कॉलेजात?

तू लिहिलंयस की अभिमत (डीम्ड) विद्यापीठात कॉम्प्युटर मिळतंय, चार वर्षांचे १६ लाख, आणि बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत. दुसरीकडे कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) कराडच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल लागलंय. ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. मी तुझ्या जागी असतो तर कराडला गेलो असतो. तुझ्या वयाचा असताना मात्र मी नेमकं उलटं केलं होतं.

कॉलेजच्या माहितीपत्रकात सर्वांत मोठं पॅकेज ठळक छापलेलं होतं. ते एका मुलाला मिळालं होतं, हे आत गेल्यावर कळलं. मला वर्षाला साडेतीन लाखांची नोकरी लागली, हातात पंचवीस हजारांच्या आसपास. पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस भागवून हप्ता भरणं जमेना. हप्ता थकला की बँक बाबांना फोन करायची, कारण शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो. ते कामावर असताना फोन यायचे आणि ते मला सांगायचेही नाहीत. त्यांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअरही घसरला. धाकटीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा ते समोर आलं. त्या दिवशी बँकेच्या पायऱ्या उतरताना बाबा एक शब्द बोलले नाहीत.

आता तुझा हिशेब. दरवर्षी चार लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के धरलं. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सरळव्याजानेही ते ५ लाख ८८ हजार होतं. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर जवळपास २२ लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण साडेएकोणतीस हजार, एकूण ३५ लाखांच्या वर. माझ्यासारखी पहिली नोकरी लागली तर अख्खा पगार देऊनही हप्ता पुरा होणार नाही.

आणि कराडला? जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. तुझा खर्च हॉस्टेल, मेस आणि पुस्तकांचा. कागदपत्रं आताच गोळा कर, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज चुकवू नकोस.

कॉलेजच्या नावाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. आयआयटी मुंबईत लागलं असतं तर कर्ज काढ असंच सांगितलं असतं. पण ते नाव पुढेही मिळवता येतं. गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा पेपर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला कोणत्याही विषयाचा देता येतो, इलेक्ट्रिकलवालीला कॉम्प्युटरचाही. गेटमधून आयआयटीत एमटेकला लागलीस तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. तिथं कर्ज काढायची गरज बहुधा पडणार नाही.

तरीही कॉम्प्युटरच हवं असं मनातून वाटत असेल, तर बाबांना सही करू देण्याआधी एक कर. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीत) भाग घेणारी कॉलेजं तिथे दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. किती पदवीधरांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतो तो) किती, हे त्यात असतं. सर्वांत मोठं पॅकेज सोडून दे, मध्यक बघ. तो पगार बाराने भाग, त्यातून राहण्या-खाण्याचा खर्च काढ, आणि उरलेल्या रकमेत साडेएकोणतीस हजार बसतात का ते पाहा. व्याजाचा नेमका दर बाबांच्या शाखेत विचार, तो बँकेगणिक बदलतो. प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत ते विद्यापीठ आहे का, तेही बघ. असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात तीन टक्क्यांची सवलत मिळू शकते, पण तुझं कर्ज त्याहून मोठं आहे.

आकडे मिळाले की खाली लिही. कॅपची मुदत संपण्याआधी आपण दोघं मिळून हप्ता पुन्हा मांडू.