सुरुवात स्वातीपासून करा

आकाशगंगेचा इतिहास ताऱ्यांवरून कसा वाचतात, असे तुम्ही विचारलेत. माझा सल्ला असा, की गाया या अंतराळयानाने टिपलेल्या ताऱ्यांच्या प्रचंड माहितीसाठ्याकडे वळण्याआधी मे महिन्यातील एखाद्या निरभ्र रात्री पन्हाळ्यावर जाऊन स्वाती मन लावून पाहा. कोल्हापूरच्या अक्षांशावरून ती जवळजवळ डोक्यावरून जाते.

तो नारिंगी तारा स्थिर भासतो, तरी तो जुन्या नोंदींतील जागेवरून सरकल्याचे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांनी १७१८ मध्येच दाखवले. सुमारे ८०० वर्षांत तो चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे अंतर कापतो. त्यात लोह सूर्याच्या सुमारे एक तृतीयांशच आहे, मात्र लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियम अधिक आहे. अवजड तारे अल्पायुषी असल्याने त्यांच्या स्फोटांतून मॅग्नेशियम लवकर पसरते, तर बरेचसे लोह श्वेतबटूंच्या, म्हणजे मृत ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांच्या, स्फोटांतून उशिरा येते. म्हणून हे प्रमाण त्या ताऱ्याच्या जन्मकाळाची खूणच ठरते.

केवळ गतीवर मात्र विसंबू नका. स्वातीबरोबर फिरणारे तारे एकेकाळी आकाशगंगेत विलीन झालेल्या लहान दीर्घिकेचे अवशेष मानले जात, पण पुढे त्यांची रासायनिक घडण एकसारखी आढळली नाही. याउलट २०१८ मध्ये गाया-एन्सेलाडस या लहान दीर्घिकेतून आलेल्या ताऱ्यांच्या बाबतीत लांबट कक्षा आणि कमी मॅग्नेशियम या दोन्ही खुणा जुळल्या, आणि सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वीचे विलीनीकरण उघड झाले. मला तर हे आपल्या काळातील सर्वांत सुंदर संशोधन वाटते. तुमचा पहिला आलेख लोह आणि मॅग्नेशियम यांचाच काढा; कक्षांचे गणित त्यानंतर हाती घ्या.