आय-१४० मंजूर झालाय, आता कंपनी बदलावी का?

प्रश्न : मुलगा डॅलसला सॉफ्टवेअरमध्ये आहे. एच-वनबी या नोकरीच्या व्हिसाचं पाचवं वर्ष चालू आहे. ग्रीन कार्डसाठी कंपनीने टाकलेला आय-१४० हा अर्ज चार महिन्यांपूर्वी मंजूर झाला. आता दुसरीकडून चांगली ऑफर आलीय, पण 'कंपनी सोडली की रांगेतला नंबर गेला' असं त्याचे मित्र सांगतात. – एक पालक, सोलापूर

उत्तर : नंबर जात नाही. मंजूर आय-१४० ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, मुलाकडेच राहते. फसवणूक, पर्म (परदेशी माणूस घ्यायला अमेरिकी कामगार खात्याने दिलेली मंजुरी) रद्द होणं किंवा मंजुरीतच मोठी चूक निघणं, असं काही झालं तरच ती जाते. खरी भानगड एच-वनबीच्या सहा वर्षांच्या मर्यादेची आहे. त्यापुढे तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते ती याच आय-१४० च्या जोरावर. मंजुरीला १८० दिवस व्हायच्या आत जुन्या कंपनीने तो मागे घेतला, तर मुदतवाढीचा आधार जातो. सून एच-फोर ईएडीवर (एच-वनबीवाल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना) काम करत असेल तर तिचाही. १८० दिवसांनंतर मागे घेतला तरी हे दोन्ही शाबूत राहतं. म्हणजे राहिले साधारण दोन महिने. नव्या कंपनीशी बोलून रुजू व्हायची तारीख तेवढी पुढे ढकलावी. चांगल्या कंपन्या थांबतात.

दिवस अंदाजाने मोजू नका. आय-७९७ या मंजुरीच्या कागदावर प्रायॉरिटी डेट आणि नोटीस डेट वेगवेगळ्या चौकटींत छापलेल्या असतात. मंजुरीपासून, म्हणजे नोटीस डेटपासून मोजायचं, प्रायॉरिटी डेटपासून नाही. हा कागद बहुधा वकिलाकडे असतो. त्याची प्रत राजीनाम्याआधी मागून घ्यावी. नंतर कोणी फोन उचलत नाही.

'व्हिसा ट्रान्सफर' म्हणतात खरं, पण ट्रान्सफर काहीच होत नाही. नवी कंपनी स्वतःचा एलसीए (पगार आणि कामाच्या अटींची हमी) आणि आय-१२९ (एच-वनबीचा अर्ज) भरते. अर्ज दाखल झाल्यावर लगेच रुजू होता येतं. तरी अर्ज प्रीमियममध्ये (जादा फी भरून लवकर निकाल) टाकून, कामकाजाच्या १५ दिवसांत येणाऱ्या उत्तराची वाट पाहून मगच राजीनामा द्यावा. त्या काळात लग्नकार्यासाठीही भारतात येऊ नये. सप्टेंबर २०२५ च्या आदेशामुळे, देशाबाहेर असलेल्यासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लागू शकतात.

ग्रीन कार्डची फाइल मात्र नव्या कंपनीत पुन्हा पहिल्यापासून: पर्म, मग नवा आय-१४०, त्यावर जुनी प्रायॉरिटी डेट. यात दोन वर्षं सहज जातात. म्हणून पर्म रुजू झाल्यापासून किती महिन्यांत सुरू करणार, हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्यावं. 'बघू एक वर्षाने' हे उत्तर मी नकारच धरतो. पर्मचा खर्च, वकिलाच्या फीसह, कायद्याने कंपनीनेच करायचा असतो. पगारातून कापायची भाषा झाली तर तिथूनच परत फिरावं.

आणखी एक. आत्ताच्या कंपनीतला अनुभव नव्या पर्ममध्ये धरता येतो, पण त्याचं पत्र लागतं: हुद्दा, तारखा, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, कामाचं स्वरूप, वापरलेल्या तंत्रज्ञानांची नावं. एचआर नुसत्या तारखा देतं, ते पुरत नाही. मॅनेजरची सही हवी, आणि मॅनेजर स्वतः कंपनी सोडण्याआधी हवी.