वाचकांचे प्रश्न : तळ्याकाठची शेवटची सकाळ

प्रश्न : गेली अकरा वर्षे आमचे सारे कुटुंब, म्हणजे सासूबाई, दोन दीर, नणंद आणि आम्हा सर्वांची मुले, वर्षातून एकदा एकाच तळ्याकाठच्या घरात आठ दिवस एकत्र राहतो. हे दिवस फार सुखाचे जातात, पण निघण्याची सकाळ दरवर्षी विस्कटते. दहा वाजेपर्यंत घर रिकामे करून द्यायचे असते. ओले टॉवेल, सापडत नसलेल्या चपला, कोणाची बॅग कोणत्या गाडीत, यावरून मोठ्यांचीच वादावादी होते. माझा सात वर्षांचा मुलगा उलट्या घातलेल्या होडीमागे लपून रडतो. धाकट्या जाऊबाईंचे म्हणणे असे, की पहाटे मुले झोपेत असतानाच त्यांना गाडीत घालून निघावे. गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘पुढच्या वर्षी मी असेन की नाही, कोण जाणे.’’ त्यावर कोणीच काही बोलले नाही; सगळे बॅगा उचलू लागले. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. सासूबाई बोलल्या आणि सगळे बॅगा उचलू लागले. मला वाटते, आपली सारी अडचण या एका प्रसंगात आहे. निरोप घेणे आणि घर आवरणे ही दोन वेगळी कामे आपण एकाच सकाळी उरकू पाहता, आणि त्यांपैकी जे घड्याळावर चालते ते दुसऱ्याला गिळून टाकते. निरोपाला आपण वेळच ठेवलेला नाही, म्हणून तो भांडणाच्या, रुसण्याच्या आणि लपण्याच्या वाटेने बाहेर पडतो.

यंदा निरोप आदल्या संध्याकाळी घ्या. त्या दिवशी दुपारपर्यंत न लागणारे सामान बांधून टाका, गाड्यांची वाटणी ठरवून ठेवा आणि सूर्य मावळण्यापूर्वी सगळ्यांनी काठावर जाऊन बसा. सकाळी मग फक्त निघायचे उरेल. सामानाविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

इतक्या आनंदाच्या दिवसांनंतर रडू का येते, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो पत्रात जागोजागी आहे. घराच्या ओढीने जीव झुरण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये आपल्या प्रबंधात घडवला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. आपण तर घरीच परतत असता, तरी तीच वेदना होते. याचे कारण मला असे दिसते, की चार घरांत विखुरलेले आपले कुटुंब एका छपराखाली असते ते फक्त त्या आठ दिवसांत. तळे सुटते म्हणजे ते घर मोडते, आणि तेही दरवर्षी.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आपल्या जिव्हाळ्याच्या एखाद्या जागेची कल्पना करायला सांगितले होते. तेथे आपण शेवटचेच आलो आहोत, असे मनात आणल्यावर तरुणांना काय किंवा वृद्धांना काय, आनंद आणि दुःख एकाच वेळी अधिक जाणवले. होडीमागचे रडू त्याच जातीचे आहे. मुलाला ‘‘एवढे मजेत राहिलास, मग रडतोस कशाला?’’ असे विचारू नये. मजेत राहिला म्हणूनच तो रडतो आहे. ‘‘पुढच्या वर्षी परत येऊच’’ हेही त्याच्या दृष्टीने मोठे सांत्वन ठरत नाही, कारण सात वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा सातवा हिस्सा असतो.

जाऊबाईंचा हेतू चांगला आहे, मुलांचे रडणे त्यांना पाहवत नाही, हे मी जाणते. तरीही त्यांचा मार्ग मला मान्य नाही. मुलाला डोळे उघडल्यावर रस्ता दिसला, तर त्याचे दुःख कमी होत नाही, त्यात फसवले गेल्याची भावना मात्र मिसळते. आणि पुढच्या वर्षी तो शेवटच्या रात्री झोपायलाच तयार होणार नाही. त्याऐवजी त्याला दोन दिवस आधी सांगा, की अजून दोन रात्री आहेत. ज्या जागा त्याच्या आहेत, म्हणजे जेथून तो पाण्यात उडी मारतो तो खडक, ती होडी, ती पायरी, तेथे आदल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर एक फेरी मारा आणि त्याला हवे तेवढे थांबू द्या. रडला तर रडू द्या, आपण शेजारी बसा. लहानपणी माझ्या आजोबांनी मला असेच एका घाटावर बसू दिले होते. ते एक अक्षरही बोलले नव्हते, आणि तो घाट मला आजही पायरी-पायरीने आठवतो.

भांडणाने सगळी सुट्टी वाया गेली, असेही मानू नका. शेवटाचे वजन स्मृतीत मोठे असते, हे डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एका प्रयोगात दाखवले. माणसांनी एकदा 14 अंश सेल्सियसच्या पाण्यात 60 सेकंद हात ठेवला. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ ठेवून आणखी 30 सेकंद ठेवला, पण त्या वेळात पाणी सावकाश 15 अंशांपर्यंत आणले गेले. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, पण शेवटी किंचित सुसह्य झालेला अनुभव निवडला. मात्र 2008 मध्ये न्यूझीलंडच्या सायमन केम्प आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या सुट्ट्यांचा अभ्यास केला, तेव्हा शेवटाचा प्रभाव तितका ठळक दिसला नाही. सर्वांत लक्षात राहिलेला दिवस कसा गेला, यावर एकूण आठवण अधिक अवलंबून होती. म्हणजे शेवट जपावा, पण एक बिघडलेली सकाळ आधीच्या दिवसांना पुसून टाकील, ही धास्ती नको.

आता सासूबाई. त्यांच्या वाक्यावर ‘‘असे अभद्र बोलू नका’’ म्हणणे आणि बॅग उचलणे, या दोन्हींचा परिणाम एकच होतो : त्या एकट्या पडतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुढच्या वर्षाचा भरवसा न वाटणे हे खरेच आहे आणि त्यांना ते मोठ्याने म्हणता आले पाहिजे. आपण किंवा त्यांच्या मुलांपैकी कोणी आदल्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारावे, ‘‘आई, मागच्या वर्षी तुम्ही जे म्हणालात ते माझ्या मनात राहिले आहे. तुम्हाला काय वाटत होते?’’ मग त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. त्यांना कदाचित मृत्यूविषयी बोलायचे असेल, कदाचित पायऱ्या उतरताना गुडघे साथ देत नाहीत एवढेच सांगायचे असेल, किंवा आपल्यामागे तुम्ही सर्व एकत्र येत राहाल का, हे जाणून घ्यायचे असेल. या तिसऱ्या प्रश्नाला मुलांनी आणि सुनांनी त्यांच्यादेखत उत्तर देणे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढच्या वर्षीच्या तारखा त्याच बैठकीत ठरवता आल्या तर अवश्य ठरवा. आणि त्यांना पाण्यापर्यंत कमी पायऱ्यांनी नेणारी वाट कोणती, हेही त्यांच्याबरोबर चालून पाहा.

प्रश्न : आम्हीही दरवर्षी तळ्यावर जातो. निघताना नऊ वर्षांची मुलगी तेथील पाणी बाटलीत भरून घेते आणि वर्षभर कपाटात ठेवण्याचा हट्ट धरते. नेऊ द्यावे का?

उत्तर : पाणी नेऊ देऊ नये, आणि का, ते तिला नीट सांगावे. तळ्याच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, आणि ते पाणी कधी दुसऱ्या जलाशयात ओतले गेले, तर तेथे ते पसरू शकतात. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या प्रदेशातील झेब्रा शिंपला जहाजांमधील पाण्यातून उत्तर अमेरिकेत पोहोचला, 1988 मध्ये तेथील सेंट क्लेअर सरोवरात तो आढळला आणि पुढे एका जलाशयातून दुसऱ्यात पसरत गेला. त्याची अळी सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखू येत नाही. याच कारणासाठी होडी, वल्ही आणि पोहण्याचे सामान दुसऱ्या तळ्यात वापरण्यापूर्वी पूर्ण वाळवावे.

मुलीला काठावरच्या पाण्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून नेता येईल. तिने भरलेली बाटली आपण हातातून घेऊन रिकामी करू नये. ती तिनेच, आदल्या संध्याकाळी, त्याच काठावर परत ओतावी.